होम स्टडीला (मूल दत्तक देण्याआधी होणारी घराची आणि कुटुंबाची पाहणी) सोशल वर्कर ताई बेडरूम बघायला आल्या तेव्हाचा अनुभव, ताईंना पैकीच्या पैकी
दत्तक घ्यायचं ठरल्यापासून मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं ते बाळाच्या खोलीचं, वाटायचं नवा रंग, नवं फर्निचर सगळंच लागेल. पण होम स्टडीला आलेल्या सोशल वर्कर ताईंनी भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ खिडकीपाशी गेल्या, ती नीट उघडते का, आग लागली तर बाहेर पडता येईल का ते बघितलं, मग कपाट हाताने हलवून पाहिलं. ते डुगडुगलं! म्हणाल्या, मुलं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं, भिंतीला बांधून घ्या. त्याच संध्याकाळी बांधलं. क्रिबच्या, म्हणजे बाळाच्या कठडे असलेल्या पलंगाच्या, दांड्यांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको, गादी कडक हवी, उशी अजिबात नको हेही त्यांनीच समजावलं. वेगळी खोली सगळीकडे सक्तीची नसते, पण मुलाला झोपायची स्वतःची जागा हवीच. तक्रार एकच, एजन्सीने नियमांची यादी आदल्या रात्री पाठवली, तुम्ही आधीच मागून घ्या कारण नियम जागोजागी वेगळे असतात. जाताना ताईंनी रिकाम्या क्रिबमधली चादर हाताने सारखी केली, मला एकदम भरूनच आलं.