पुनरुत्थानकाळातली सायंप्रार्थना: कोणती पद्धत कोणाला जमेल?

पुनरुत्थानाच्या रविवारी संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते, असं योहान त्याच्या शुभवर्तमानात सांगतो. लूक त्याच संध्याकाळचं दुसरं चित्र दाखवतो: अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं दिवस उतरला म्हणून अनोळखी सोबत्याला घरी थांबवून घेतात, आणि भाकर मोडताना तो कोण हे त्यांना कळतं. कबर रिकामी सापडली ती पहाटे, पण बहुतेक शिष्यांना ओळख पटली ती दिवेलागणीनंतर. म्हणून या काळात रोज एकच प्रार्थना जमणार असेल, तर मी संध्याकाळचीच धरा म्हणेन. प्रश्न फक्त कोणत्या पद्धतीने, एवढाच.

ईस्टरचा, म्हणजे पुनरुत्थानाचा, रविवार आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) दोन्ही धरून हा काळ ५० दिवसांचा. पहिल्या आठवड्यात कुठलीही पद्धत गोड लागते. पाहुणे गेले, फुलं सुकली, ऑफिस सुरू झालं की खरी परीक्षा. तेव्हा निवड करताना ईस्टरच्या रात्री काय छान वाटेल हे पाहू नका. तिसऱ्या आठवड्यातल्या कंटाळवाण्या मंगळवारी हातून काय होईल ते पाहा.

कॅथलिक ब्रेव्हियरीतल्या, म्हणजे रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनापुस्तकातल्या, सायंप्रार्थनेला, म्हणजे व्हेस्पर्सला, एकट्याने म्हणताना साधारण पंधरा मिनिटं लागतात. आरंभीचं गीत, दोन स्तोत्रं, नव्या करारातलं एक गीत, छोटं वाचन, मग मरियेचं गीत, मध्यस्थीच्या विनंत्या, प्रभूची प्रार्थना. हा साचा वर्षभर तोच असतो, पण ईस्टर त्यात इतका मुरतो की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. उपवासकाळात गप्प असलेला ‘आलेलुया’ आता ध्रुवपदाध्रुवपदाला येतो. पहिल्या आठ दिवसांत तर प्रत्येक संध्याकाळी रविवारचीच स्तोत्रं परत येतात: ११० वं, ११४ वं आणि प्रकटीकरणाच्या १९ व्या अध्यायातलं गीत. नवख्याला हे कंटाळवाणं वाटेल अशी माझी भीती होती. प्रत्यक्षात उलटच होतं, कारण आठव्या दिवशी ती जवळजवळ तोंडपाठ झालेली असतात. पुढे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर सगळी प्रार्थना पवित्र आत्म्याच्या वाटेकडे डोळे लावते. ‘ये, पवित्र आत्म्या’ असं बोलावणारं जुनं लॅटिन गीत त्या दिवसांतल्या व्हेस्पर्सचंच.

अडचण पानं उलटण्याची. काळाचं पान एकीकडे, चार आठवड्यांच्या चक्रातली स्तोत्रं दुसरीकडे, मध्येच २५ एप्रिलला संत मार्क आले की तिसरीकडे. पुस्तकातल्या फिती गुंतून पहिल्या दोन आठवड्यांत हात टेकणारे पुष्कळ. मोबाइलच्या अ‍ॅपवर त्या दिवसाची प्रार्थना सलग मिळते, हे खरं, पण मग तोच मोबाइल मध्ये वाजतो, हेही खरं.

अँग्लिकन परंपरेतली १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली सायंप्रार्थना याच्या अगदी विरुद्ध स्वभावाची. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅनमरने १५४९ च्या पहिल्या पुस्तकात जुन्या दोन प्रार्थना, सायंकाळची आणि झोपण्यापूर्वीची, एकत्र केल्या. म्हणून इथे मरियेचं गीत आणि शिमोनाचं गीत एकाच बैठकीत येतात आणि त्यांच्या मधोमध वाचन. जुन्या करारातून एक आणि नव्यातून एक अशी दोन लांब वाचनं हे या पद्धतीचं खरं बळ. वीस-पंचवीस मिनिटं धरा. स्तोत्रसंहिता महिन्याच्या तारखेप्रमाणे चालते आणि तीस दिवसांत संपूर्ण होते. एकदा हिशेब कळला की शोधाशोध नाही. फक्त १५ तारखेची संध्याकाळ जपून, कारण त्या दिवशी वाट्याला ७२ वचनांचं अख्खं ७८ वं स्तोत्र येतं.

पण ईस्टर तिथे कुठे दिसतो? फार नाही. रविवारच्या संध्याकाळसाठी ११३, ११४ आणि ११८ ही खास स्तोत्रं नेमली आहेत (११४ वं इथेही आहेच, मिसरातून निघालेला इस्राएल आणि कबरेतून निघालेला ख्रिस्त यांची सांगड दोघांनाही सोडवत नाही). आठवड्याची नेमलेली प्रार्थना बदलते. बाकी मंगळवार तो मंगळवार. त्यात आरंभालाच पापांगिकार, अगदी पुनरुत्थानाच्या संध्याकाळीही. मला हे सुरुवातीला खटकलं होतं. सगळं जग जिंकल्याची बातमी आणि आपण गुडघ्यांवर! कॅथलिक व्हेस्पर्समध्ये पापांगिकार नाही, आत्मपरीक्षणाची जागा झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत. ज्याला रोजचा हिशेब रोज मिटवायचा आहे त्याला अँग्लिकन वाट बरी वाटेल. ज्याला चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर जरा ताठ उभं राहायचंय, त्याला नाही. अर्थात इंग्लंडच्या चर्चची नवी दैनिक प्रार्थना, २००५ ची, ही उणीव पुष्कळ भरून काढते: तिथे ईस्टरकाळाची स्वतंत्र सायंप्रार्थना आहे आणि स्वर्गारोहणानंतरच्या दिवसांची वेगळी.

उभं राहण्यावरून ऑर्थोडॉक्स परंपरेकडे वळायला हवं. निकेआच्या बिशपांच्या परिषदेने ३२५ मध्ये विसाव्या नियमात सांगितलं की रविवारी आणि पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत प्रार्थना उभ्याने करावी. पूर्वेकडच्या चर्चने हे मनावर घेतलं. तिथे पेंटेकॉस्टच्या सायंप्रार्थनेत सगळे पुन्हा गुडघे टेकतात, आणि तो क्षण पन्नास दिवस न टेकल्यामुळेच जड होतो. पहिल्या सप्ताहात वेदीपुढची दारं बंदच होत नाहीत. रविवारच्या सायंप्रार्थनेत योहानाच्या २० व्या अध्यायातला दारं लावलेल्या खोलीचा भाग वाचतात, जमेल तितक्या भाषांमध्ये.

घरी करणाऱ्यासाठी मात्र यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. त्या पहिल्या सप्ताहात नेहमीच्या लांब सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांऐवजी ‘पास्खाचे (म्हणजे ईस्टरचे) प्रहर’ म्हणतात. ‘ख्रिस्त मेलेल्यांतून उठला’ तीनदा, काही छोटी गीतं, चाळीस वेळा ‘प्रभू, दया कर’, आणि संपलं. पाच-सात मिनिटं. लहान मुलांच्या घरात याहून सोयीचं मी पाहिलेलं नाही, कारण तिसऱ्या दिवशी मुलंच सांगतात की पुढे काय. आठवड्यानंतर मात्र पुन्हा नेहमीच्या, बऱ्याच पश्चात्तापी सुराच्या प्रार्थना सुरू होतात. स्वर्गारोहणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडी ‘ख्रिस्त उठला’ राहतं, एवढंच. म्हणजे तिसऱ्या आठवड्याची परीक्षा इथेही आहेच. शिवाय ऑर्थोडॉक्सांचा ईस्टर कधी एकाच दिवशी येतो, कधी पाच आठवडे उशिरा: २०२७ मध्ये पश्चिमेकडे २८ मार्च, पूर्वेकडे २ मे.

आणि ज्याच्याकडे खरोखरच वेळ नाही त्याने ‘स्वर्गाच्या राणी’ला म्हणजे ‘रेजिना चेली’ला कमी लेखू नये. कॅथलिकांत या काळात दूतसंदेशाच्या प्रार्थनेऐवजी ती सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभ्याने म्हणतात. एका मिनिटाची आहे, बसमध्येही होते.

कोणत्याच परंपरेचं पुस्तक नको असेल तर बायबल पुरे. लूकचा २४ वा अध्याय पहिल्या संध्याकाळी, मग योहानाचे २१, मग प्रेषितांच्या कृत्यांचे २८. बेरीज बरोबर ५०. ही जोडी मनची नाही. योहान आणि कृत्ये या काळात वाचायची रीत पूर्व-पश्चिम दोन्हीकडे जुनी आहे. वाचनाआधी एक स्तोत्र, नंतर प्रभूची प्रार्थना. तुकडे जोडून स्वतःचा मोठा विधी मात्र रचू नका. इकडचं गीत, तिकडची विनंती असं करता करता रोज संध्याकाळी प्रार्थनेऐवजी संपादन होतं.

माझा कौल विचाराल तर: एकटे असाल आणि पेंटेकॉस्टनंतरही चालू ठेवायचं असेल तर अँग्लिकन, त्यातही नवी, आधीच प्रार्थनेची सवय आहे पण ईस्टर हातातून निसटतो अशी खंत असेल तर कॅथलिक व्हेस्पर्स, घरात मुलं असतील तर पहिला सप्ताह पास्खाचे प्रहर आणि पुढे बायबलचे अध्याय. एक फरक मात्र आधी लक्षात घ्या. छापील विधीत एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीचं पान तुमच्यासाठी तयार असतं, मागचं काही देणं राहत नाही. स्वतः आखलेल्या अध्यायांची थकबाकी साचते. चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी पाच अध्याय वाचायला कोणी बसत नाही, म्हणून चुकलेले सोडून द्यायचे आणि त्या तारखेचा अध्याय उघडायचा.