‘३४५ ग्रॅम’ छापलेली पॅडल रॅकेट आधी काट्यावर ठेवा

कोल्हापुरात फुटबॉलचे नकली बूट कोणी विकायला आणले, तर मंगळवार पेठेतलं शाळकरी पोरगंही हातात घेऊन सांगेल की हे खोटं आहे. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या छोट्या कोर्टवर खेळायचा टेनिससारखा खेळ; त्याच्या रॅकेटला तारा नसतात, आत फोम भरलेली सपाट फळी असते. या रॅकेटचं बुटांसारखं नाही. खेळ आपल्याकडे नवा, चांगली रॅकेट हाताळलेली माणसं मोजकी. चार मॉडेल फिरवून बघून घ्यावीत अशी सोयही जवळपास नाही. नेमका याचा फायदा घेऊन काही जण लुबाडतायत. माझे साडेचौदा हजार रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मला हलकी पण अटॅकिंग रॅकेट हवी होती. नेटजवळ व्हॉली (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारणं) आणि उंच चेंडू आला की स्मॅश, असा माझा खेळ. पण कोपराचं जुनं दुखणं आहे, जड रॅकेट झेपत नाही. बाजारातल्या बहुतेक रॅकेट ३४० ते ३९० ग्रॅमच्या दरम्यान असतात. ३५५च्या आतली हलकी मानतात. गोल रॅकेटचा तोल मुठीकडे आणि स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सगळ्यात नीट बसतो ती जागा, मोठा, त्यामुळे कंट्रोल चांगला. डायमंड आकारात वजन वरच्या बाजूला जातं, स्वीट स्पॉट लहान होऊन वर सरकतो. स्मॅशला जोर मिळतो, पण चेंडू जरा बाजूला लागला की झटका थेट कोपरात येतो. टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराची, या दोन्हींच्या मधली. म्हणून डायमंड घ्यायची तर वजन कमी आणि आतला फोम फार कडक नसलेला, हे मी पक्कं ठरवलं होतं.

इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवर हुबेहूब तेच मिळालं. नावाजलेल्या परदेशी कंपनीचं मॉडेल, वजन ३४५ ग्रॅम, १८के कार्बन, मऊ ईव्हीए फोम. दुकानातल्या किमतीच्या जवळपास निम्मा भाव. ‘सर, आपला डायरेक्ट इम्पोर्ट आहे, बॉक्स नाही म्हणून या भावात देतोय,’ असं फोनवर सांगितलं. माणूस कावळा नाक्याजवळ गाडीवरून आला, कव्हरमधली रॅकेट दिली, यूपीआयने पैसे घेतले आणि गेला. बोलणं अतिशय नम्र. पावती ‘मेलवर येईल’ म्हणाला. ती आजतागायत आलेली नाही.

पहिल्या काही गेममध्येच हात भरून यायला लागला. व्हॉलीला रॅकेट वेळेत वर येईना. कोर्टवरचा एक मित्र म्हणाला, ‘भावा, आवाज बघ कसला येतोय, पोकळ वाटतंय.’ घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर ३८० च्या आसपास वजन दिसलं. काट्यावर भरवसा बसेना म्हणून गुजरीत ओळखीच्या सराफाकडे नेली. तिथे भरलं ३८१ ग्रॅम. मग आडव्या पेन्सिलीवर ठेवून तोल बघितला, तर तो मुठीच्या टोकापासून साडेसत्तावीस सेंटिमीटरवर. सर्वसाधारण रॅकेटचा तोल २५ ते २७ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. म्हणजे ३६ ग्रॅम जास्त, आणि तेही बरंचसं डोक्याकडे. मुठीपासून जितकं लांब वजन, तितकं ते फिरवायला जड जातं. कोपर दुखणाऱ्या माणसाच्या हातात अशी रॅकेट देणं हा माझ्या मते पैशाच्या फसवणुकीपेक्षा मोठा गुन्हा आहे. मला पुढे फिजिओथेरपी घ्यावी लागली.

पेजवाल्याला मेसेज केला, तर उत्तर आलं, ‘सर, ओव्हरग्रिप आणि प्रोटेक्टरचं वजन धरावं लागतं.’ ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, पाच-सहा ग्रॅमची असते आणि प्रोटेक्टर, म्हणजे कडेला चिकटवायची संरक्षक पट्टी, तर त्या रॅकेटला लावलेलाच नव्हता. हे लिहून पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

कार्बनचंही खोटंच निघालं. काचेला घासून कडेचा रंग उडाला, तर खाली पांढरट फायबरग्लास. वरची काळी वीण म्हणजे नुसती छपाई होती. खरी कार्बनची वीण उघडी असेल तर रॅकेट उजेडात तिरपी केली की चौकटी उजळतात आणि काळवंडतात. छापलेली वीण कुठूनही सारखीच दिसते. फायबरग्लास वाईट नसतो, उलट हाताला मऊ लागतो, पण मग तो फायबरग्लासच्या भावात विकावा. आणि ‘१८के’ या आकड्याने दबून जाऊ नका. एका धाग्यात कार्बनचे १८ हजार तंतू, एवढाच त्याचा अर्थ. ३के पेक्षा ती सहापट भारी वगैरे काही नसतं.

विकत घेण्याआधी तुम्ही इतकं कराच. रॅकेट काट्यावर ठेवलेला व्हिडिओ मागा, तोही तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून. खरा विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो, कारण एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये काही ग्रॅमचा फरक पडतो हे त्याला माहीत असतं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या एक आकडा न छापता ‘३५० ते ३६५’ अशी रेंज देतात. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली असावी लागते. ‘बॉक्स नाही’ म्हटलं की हे सगळंच गायब होतं. पावती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ऑनलाइन फसवणुकीत जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि सराफाकडच्या काट्यावरचा फोटो जोडून मी तक्रार केली आहे.

ते पेज आता दुसऱ्या नावाने सुरू आहे. फोटो तेच आहेत: पांढऱ्या फरशीवर तिरपी ठेवलेली काळी-लाल डायमंड रॅकेट, कोपऱ्यात निळ्या सतरंजीची कड, आणि खाली ‘३४५ ग्रॅम, लिमिटेड पीस’. हा फोटो कोणी पाठवला तर पैसे देऊ नका, आणि तुमच्या कोर्टच्या ग्रुपवर लगेच टाका.