दहावीच्या भूमितीच्या वर्गात जिओजेब्रा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

इयत्ता दहावीचे गणित भाग २ हे पाठ्यपुस्तक २०१८ साली बदलले, तेव्हापासून त्यात जिओजेब्रा या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने वर्तुळाच्या जीवा व स्पर्शिका यांचे गुणधर्म पडताळून पाहावेत अशी एक छोटी सूचना छापलेली आहे. नववीच्या पुस्तकातही तशीच सूचना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी सोळा वर्षे गणित शिकवते आहे आणि ही सूचना सहा वर्षे, अगदी प्रामाणिकपणे सांगायचे तर, वाचून पुढे जात होते. अभ्यासक्रम पूर्ण व्हायला हवा, सराव परीक्षा घ्यायला हव्यात, त्यात संगणकाच्या खोलीची किल्ली शोधत कोण बसणार, असा माझा हिशोब होता. गेल्या जूनमध्ये मी तो मोडला. त्यानंतरच्या दहा महिन्यांत जे हाती लागले, आणि जे लागले नाही, ते येथे लिहिते आहे.

ज्यांनी हे साधन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली आपल्या पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून याची सुरुवात केली. भूमिती आणि बीजगणित यांच्या इंग्रजी नावांची जोड म्हणजे त्याचे नाव. पडद्यावर बिंदू, रेषा, वर्तुळे काढता येतात आणि काढून झाल्यावर एखादा बिंदू धरून सरकवला की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी आकृती त्याच्याबरोबर हलते. वर्गात वापरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते, आणि ज्या गावात पावसाळ्यात नेटवर्क आणि वीज या दोघी मिळूनच माहेरी जातात, तिथे ही गोष्ट इतर सगळ्या गुणांहून मोठी आहे.

आमच्याकडे संगणकाच्या खोलीत दहा यंत्रे आहेत, त्यांपैकी सहा सुरू होतात. वर्गात मुले बेचाळीस. म्हणजे एका यंत्रावर सात. ही व्यवस्था एका तासात कोलमडेल हे मला ठाऊक होते, म्हणून पहिले तीन आठवडे मी माझाच लॅपटॉप शाळेच्या प्रोजेक्टरला जोडला, संकेतस्थळावरून इतर शिक्षकांनी तयार केलेल्या आकृत्या घेतल्या आणि त्या भिंतीवर दाखवल्या. अशा तयार आकृत्या तेथे लाखोंनी आहेत. मुले शांत बसली, खुश झाली आणि काहीही शिकली नाहीत. रंगीत त्रिकोण फिरताना पाहणे आणि दूरदर्शनवर क्रिकेट पाहणे यांत फरक नव्हता. खेळत होते दुसरेच. चौथ्या आठवड्यात मी ठरवले की तयार आकृती वापरायची नाही, कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करायची, आणि चुका होतील त्या सगळ्यांसमोर होऊ द्यायच्या.

चूक पहिल्याच तासाला झाली आणि ती माझीच होती. वर्तुळाबाहेरील बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची होती. मी बाहेर एक बिंदू घेतला, वर्तुळावर अंदाजाने दुसरा घेतला, दोन्ही जोडले, आणि रेषा वर्तुळाला अगदी टेकलेली दिसेपर्यंत तो दुसरा बिंदू जरासा हलवला. आकृती सुरेख दिसत होती. फळ्यावर खडूने आणि गुण्याने मी सोळा वर्षे अशीच काढत आले होते. मग एका मुलीला बाहेरचा बिंदू सरकवायला सांगितले. तिने सरकवला आणि माझी स्पर्शिका वर्तुळाला छेदून आरपार गेली. वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मोडली!"

मग ती नीट काढायची कशी? वर्तुळकेंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडा, त्या रेषाखंडाचा मध्यबिंदू घ्या, तो केंद्र मानून रेषाखंड व्यास होईल असे वर्तुळ काढा, आणि दोन वर्तुळे जिथे छेदतात ते स्पर्शबिंदू. ही रचना पुस्तकात आहे आणि मी ती दरवर्षी पायरी एक, पायरी दोन अशी सांगून उतरवून घेत असे. परंतु ती तशीच का करायची, हा प्रश्न मला मुलांनी कधी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. अर्धवर्तुळात आंतरलिखित झालेला कोन काटकोन असतो, आणि त्रिज्या व स्पर्शिका यांच्यात काटकोनच हवा असतो, म्हणून ते दुसरे वर्तुळ येते. आता बाहेरचा बिंदू कुठेही नेला तरी स्पर्शिका मोडेना. त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक वाक्य रूढ झाले: "ओढून बघ, मोडते का." कोणी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने चौरस काढला की शेजारचा लगेच त्याचा कोपरा धरून ओढतो. आकृती दिसणे आणि आकृती असणे यांतील हा भेद मला फळ्यावर कधीच दाखवता आला नसता, कारण फळ्यावरची आकृती ओढता येत नाही.

या साधनाने मला स्वतःला जे शिकवले ते याच्याही पुढचे आहे आणि ते थोडे सविस्तर सांगते, कारण हा सगळा लेखनप्रपंच त्यासाठीच आहे. वर्तुळाच्या प्रकरणात जीवांच्या अंतर्छेदनाचे प्रमेय आहे, त्यानंतर जीवांच्या बाह्यछेदनाचे आहे, आणि मग स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे आहे. मी ही तीन प्रमेये तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या आकृत्या काढून, तीन वेगळ्या सिद्धता लिहून शिकवत असे. ऑगस्टमधल्या एका रात्री टाचण लिहिताना आकृती तयार करत होते. वर्तुळाच्या आत बिंदू 'इ' घेतला, त्यातून दोन छेदिका काढल्या, एकीचे दोन्ही भाग, म्हणजे 'इ'पासून वर्तुळापर्यंतची दोन्ही अंतरे, गुणून आलेली संख्या आणि दुसरीचे भाग गुणून आलेली संख्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतील अशी सोय केली. दोन्ही संख्या समान आल्या, म्हणजे पहिले प्रमेय. मग काही विशेष हेतू नसताना तो बिंदू मी सरकवत सरकवत वर्तुळाबाहेर नेला. संख्या बदलल्या, पण एकमेकींशी समानच राहिल्या, आणि समोर दुसऱ्या प्रमेयाची आकृती उभी होती. नंतर एक छेदिका हळूहळू फिरवली. तिचे वर्तुळावरील दोन छेदनबिंदू एकमेकांजवळ येत येत एक झाले, छेदिकेची स्पर्शिका झाली, आणि दोन भागांचा गुणाकार म्हणजे आता स्पर्शिकाखंडाचा वर्ग. तिसरे प्रमेय.

तीन प्रमेये नव्हतीच. एकच होते. सोळा वर्षे मी त्याचे तीन तुकडे करून वाढत होते.

त्या रात्री मला आनंद झाला हे खरे, पण त्याआधी चांगलीच लाज वाटली. पदवीला गणित घेतलेली बाई ही गोष्ट चाळिशी उलटल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुधाची पिशवी वितळायची वाट पाहत शिकते. दुसऱ्या दिवशी मी मुलांना काहीच न सांगता फक्त आकृती दिली आणि 'इ' कुठेही नेण्याची परवानगी दिली. एका गटाने विचारले की तो गुणाकार नेमका कशावर ठरतो. आम्ही पाच एकक त्रिज्येचे वर्तुळ घेतले, बिंदू केंद्रापासून तेरा एककांवर ठेवला, आणि छेदिका कशीही फिरवली तरी गुणाकार १४४ च येत राहिला. एका मुलाने वहीच्या कोपऱ्यात १६९ मधून २५ वजा केले आणि पायथागोरस सापडला म्हणून ओरडला. त्याला तो खरोखरच सापडला होता, कारण स्पर्शिकाखंड बारा एककांचा होता आणि त्रिज्येशी त्याचा काटकोन होता.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी माहीत करून घ्याव्यात. कोन मोजण्यासाठी तीन बिंदूंवर टिचकी मारायची असते आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजला जातो. त्यामुळे क्रम चुकला की ५० अंशांच्या जागी ३१० अंश दिसतात. मी हे यंत्राचे बिघडणे समजून दोनदा संगणक बंद करून सुरू केला. शेवटी एका मुलीने सांगितले, "बाई, उलट्या क्रमाने टिचकी मारा." दुसरे असे की मापे ठरावीक दशांश स्थळांपर्यंतच दाखवली जातात, त्यामुळे पडद्यावर दिसणारे तीन कोन वहीत मिळवले तर कधी १८०.०१ भरतात. आधी मी याने गोंधळले, नंतर हेच धड्याचे साहित्य झाले. मोबाईलच्या लहान पडद्यावर बोटाखाली बिंदू झाकला जातो, म्हणून घरी पालकांचा मोबाईल घेऊन केलेल्या कामाकडून मी फारशी अपेक्षा ठेवत नाही, शिवाय निम्म्या मुलांना तो संध्याकाळी मिळतही नाही.

दशांशाचा हा घोळ एका मोठ्या प्रश्नाकडे घेऊन गेला. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाने सप्टेंबरमध्ये विचारले की बिंदू शंभर ठिकाणी सरकवून दर वेळी तेच दिसत असेल तर मग सिद्धता लिहायचीच कशाला. या प्रश्नाला 'परीक्षेत येते म्हणून' हे उत्तर देणे मला त्या दिवशी जमले नाही. पुढच्या तासाला मी त्यांना वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडायला आणि आतले भाग मोजायला सांगितले. दोन बिंदूंना दोन भाग, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहा बिंदूंना किती? सगळा वर्ग बत्तीस म्हणाला. मोजले तर एकतीस भरले. एका गटाचे तीस भरले, कारण त्यांनी बिंदू नियमित षट्कोनाच्या शिरोबिंदूंवर घेतले होते आणि मधल्या तीन जीवा एकाच बिंदूतून जात होत्या. त्यांतला एक बिंदू जरासा सरकवला की मध्यभागी इवलासा त्रिकोण उघडतो आणि भाग एकतीस होतात. बत्तीस मात्र कोणालाच मिळाले नाहीत. पाच बिंदूंपर्यंत दिसलेला नियम सहाव्या बिंदूला खोटा ठरू शकतो हे पाहिल्यानंतर सिद्धतेची तक्रार पुन्हा आली नाही.

सगळीकडे हे साधन वापरावे असे माझे मत नाही. महत्त्वमापनाच्या प्रकरणात मी ते बाजूला ठेवले, शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, समजावण्यासाठी शाळेतली प्लॅस्टिकची बादलीच बरी. भौमितिक रचनांच्या बाबतीत तर सावधच राहावे लागते, कारण मंडळाच्या परीक्षेत कंपास आणि पट्टी हातात धरून कागदावरच रचना करायची असते, आणि पडद्यावर एका टिचकीत लंबदुभाजक काढणाऱ्या मुलाचा हात कागदावर कच्चा राहतो हे मी दिवाळीपूर्वीच्या सत्र परीक्षेत पाहिले. त्यानंतर प्रत्येक रचना आधी वहीत आणि मग पडद्यावर असा क्रम ठरवला. गुणांत मोठी झेप दिसली का, असे सहकारी विचारतात. एका वर्गाच्या एका वर्षावरून तसे म्हणणे गणिताच्या शिक्षिकेला शोभणार नाही.

वेळेचा हिशोब मात्र सांगायला हवा. सुरुवातीला एका तासिकेच्या तयारीला मला दोन ते तीन तास लागत. आता अर्धा तास पुरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि ती मला योग्यच वाटते. पण तास कसे भरतात हे मी स्वतःच्याच उदाहरणावरून जाणते. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या ऑनलाइन प्रशिक्षणात एकीकडे चित्रफीत सुरू ठेवून दुसरीकडे पोळ्या लाटल्याचे पाप माझ्या नावावर आहे, आणि प्रमाणपत्र रीतसर मिळाले. ऑगस्टच्या त्या रात्रीचे प्रमाणपत्र कोणी देणार नाही. त्याची नोंद फक्त माझ्या टाचणवहीत आहे, जिथे तीन प्रमेयांचे तीन दिवस खोडून एकच तासिका लिहिली आहे आणि उरलेल्या दोन दिवसांपुढे 'उदाहरणे' असे म्हटले आहे.

येत्या जूनमध्ये हे काम नववीपासून सुरू करायचे आहे. समरूपतेच्या प्रकरणाचे टाचण मात्र अजून जुनेच आहे. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची आकृती काढली, समांतर रेषा वरखाली सरकवली, दोन्ही बाजूंची गुणोत्तरे समान राहतात हे लख्ख दिसते. ती समान का राहतात हे मात्र दिसत नाही. सिद्धता त्रिकोणांच्या क्षेत्रफळांवरून जाते, आणि ती क्षेत्रफळे समान राहताना मुलांच्या डोळ्यांसमोर कशी आणायची, कोणता बिंदू मोकळा ठेवायचा आणि कोणता बांधायचा, हे मी मे महिन्याच्या सुट्टीत शोधते आहे. आतापर्यंत चार आकृत्या केल्या. चारही ओढल्यावर मोडल्या.