आयएसटीसी की एमईआय? आधी काय उघडायचं

छपाईच्या इतिहासावर काम सुरू करतेय, आयएसटीसी (Incunabula Short Title Catalogue) आणि एमईआय (Material Evidence in Incunabula) या दोन ऑनलाइन डेटाबेसपैकी आधी कुठे शिरू, असं एका मैत्रिणीने विचारलं. दोन्ही फुकट, दोन्ही युरोपात 1501 च्या आधी छापलेल्या पुस्तकांबद्दल, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही.

आवाका बघितला तर आयएसटीसी खूप पुढे. साधारण 30 हजार आवृत्त्या, प्रत्येकीचा लेखक, मुद्रक, गाव, साल आणि जगात कुठल्या लायब्ररीत प्रती आहेत ते. गुटेनबर्गच्या 42 ओळींच्या बायबलची नोंद काढून बघ, साल चौकटी कंसात दिसेल, कारण पुस्तकात ते छापलेलंच नाही, अभ्यासकांनी पुराव्यांवरून ठरवलंय. हे कंस नीट वाचायला शिकलं ना की अर्धं काम झालं!

एमईआय मात्र एकेका प्रतीच्या मागे लागतं, म्हणजे ती कोणाकडे होती, बांधणी कसली, समासात कोणी काय खरडलंय, कधीकधी किती पैशाला घेतली तेही. मला हे जास्त आवडतं, वाचणारी माणसं इथेच भेटतात. पण एकेक प्रत हातात घेऊन नोंदवायची म्हणजे वेळ लागतोच, सगळ्या प्रती अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे इथे नाही सापडलं म्हणून खुणाच नाहीत असं धरू नकोस.

मेहनत एमईआयमध्येच जास्त, फिल्टर समजायला वेळ जातो.

कोणी, कुठे, कधी छापलं हा प्रश्न असेल तर आयएसटीसी. पुस्तकं कोण वाचत होतं, कुठून कुठे गेली हे शोधायचं असेल तर एमईआय, फक्त आयएसटीसी नंबर (तिथल्या प्रत्येक आवृत्तीच्या नोंदीचा क्रमांक) आधी काढून ठेव, एमईआयमध्ये शोधायला तो कामी येतो.