तीन स्टार, त्यातले दोन आलेखाचे

मी घरी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मुलं वर्गसमीकरणं सोडवून देणारं हे ॲप चोरून वापरतात हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकीने ६क्ष² − क्ष − १५ ची शून्यं (म्हणजे मुळं, ज्या क्ष ला किंमत ० होते) वहीत १.६६६७ आणि −१.५ अशी लिहून आणली तेव्हा शंका आली. मधलं पद फोडून (३क्ष − ५)(२क्ष + ३) करणारं पोर ५/३ लिहितं, १.६६६७ कुठून आणेल? मग मीही डाउनलोड केलं. दीड महिना झाला.

फोटो छान वाचतं. फक्त वर्गाचा २ जरा खाली घसरला की त्याला तो साधा गुणक वाटतो, तेवढं बघून घ्यावं.

पायऱ्या मात्र कुणी लिहिल्यात देव जाणे. क्ष² − ४९ = ० दिलं, तर हे वर्गसमीकरणाचं सूत्र काढून बसलं. विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) १९६, त्याचं वर्गमूळ १४, भागिले २, आणि मग ±७. हातच्या कांकणाला आरसा! अवयव पडतात का, हे आधी बघतच नाही.

'पूर्ण वर्ग' पद्धत निवडली तर आणखी मजा. ३क्ष² + ५क्ष − ७ = ० ला आधी ३ ने भागतं, मग ५/६ चा वर्ग, २५/३६, छेद सारखे करा... मुलं तिथेच वही मिटतात. जुन्या काळचे भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत किती सुटसुटीत आहे: क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे १२ ने, गुणा. ३६क्ष² + ६०क्ष = ८४. दोन्हीकडे २५ मिळवा. (६क्ष + ५)² = १०९. क्ष = (−५ ± √१०९)/६. अपूर्णांक आला तो थेट शेवटी.

आता आलेख. यासाठी मी ॲप ठेवलंय. क्ष² − ६क्ष + ८ चा अन्वस्त (वाटीसारखा वक्र) काढला, आडवा अक्ष २ आणि ४ वर कापला गेला. मग शेवटच्या ८ ची पट्टी हळूहळू सरकवली. अन्वस्त वर उचलला जातो, दोन्ही बिंदू एकमेकांकडे येतात, ९ ला ३ वर एकत्र होतात, आणि १० ला अन्वस्त अधांतरी. "विवेचक ऋण म्हणजे हे होय!" असं एक मुलगा ओरडला; हे वाक्य त्याला महिनाभर पाठ होतं. ९.०१ ठेवलं तर मात्र टेकल्यासारखंच दिसतं. मोठं करून बघितलं की फट दिसते. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, विवेचक काढा, हे सांगायला आयतंच उदाहरण.

शेवटी मुद्दाम खोडी काढली: क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ०. मुळांचा गुणाकार १, म्हणजे लहान मूळ साधारण ०.०००००००१ हवं. ॲप म्हणतं ०.००००००००७४५. पाव हिस्सा गायब! सूत्रात जवळजवळ सारख्या दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी होते आणि कामाचे अंक त्यातच जातात. आधी मोठं मूळ काढून १ ला त्याने भागलं असतं तर काम झालं असतं. ॲपवाल्यांना तसं कळवलं. उत्तर आलं, "ॲप अपडेट करा." केलं. अजून ७४५च येतंय.