‘मिक्सर-बिक्सर’मधला बिक्सर: नव्या वायरिंगचे नऊ महिने

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दादरच्या घराचं वायरिंग मुळापासून नवं करून घेतलं. इमारत साठच्या दशकातली, वायरिंगही जवळपास तिच्याच वयाचं. भिंतीवर लाकडी पट्ट्या, दोन पिनचे काळे सॉकेट, आणि ओल्या हाताने फ्रिज उघडला की झिणझिण्या. जानेवारीत परत राहायला आलो. उन्हाळ्यात एसी चालून झाला, पावसाळा झाला, गणपतीच्या माळा लावून उतरवूनही झाल्या. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

कामाचा दर्जा आधी सांगते, कारण ते पटकन सांगून होतं. उत्तम. नऊ महिन्यांत एक सॉकेट गरम झालेला नाही, एक स्विच ढिला झालेला नाही. आमचा वायरमन संगमेश्वरकडचा, रोज दिव्याहून लोकलने यायचा. हात असा साफ, की बोर्ड उघडला तर आतल्या वायरी विंचरून बसवल्यासारख्या. सामान लोहार चाळीतून आणलं, त्याच्याबरोबर मी स्वतः गेले होते. ९० मीटरची बंडलं: लाइटला दीडची वायर (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), पॉवरला अडीचची, एसीला चारची. इथपर्यंत तक्रार शून्य.

घोळ झाला तो आमच्या दोघांच्या बोलण्यात. आणि त्यातला निम्मा, खरं तर निम्म्याहून जास्त, माझा आहे.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, “ताई, ओट्यावर काय काय लागणार?” मी म्हटलं, “नेहमीचंच हो, मिक्सर-बिक्सर.” त्याने मान डोलावली आणि ओट्यावर एक सोळा अँपिअरचा नि दोन सहा अँपिअरचे सॉकेट दिले. मिक्सर सहावर मजेत चालतो. पण माझ्या ‘बिक्सर’मध्ये इंडक्शन होतं, एअर फ्रायर होता, चहाची इलेक्ट्रिक किटली होती. तिघांना जाडी पिन, आणि जाड्या पिनचं भोक एकच. सकाळी डबा, चहा आणि सासूबाईंचं गरम पाणी यांची रांग लागायची. नवऱ्याने शक्कल लढवून दुकानातून दहा मिनिटांत कन्व्हर्टर आणला: खाली बारीक पिन, वर जाडं भोक. फोनवर सहज बोलता बोलता हे सांगितलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आमचे वायरमनदादा माझ्यावर ओरडले. “दोन हजार वॅटचं इंडक्शन म्हणजे पावणेनऊ अँपिअर, ते सहाच्या सॉकेटवर? काढा आधी ते!” मार्चमध्ये त्यांनी कपाटाखालून वायर झाकायची पट्टी मारून अडीचची नवी लाइन टाकून दिली. पैसे अर्थात वेगळे. मिक्सरचं नाव मी घेतलं होतं, बिक्सरचं घेतलं नव्हतं, तर त्यांनी तरी कुठून ऐकायचं?

पैशांवरून आठवलं. दर ठरला होता पॉइंटप्रमाणे. माझ्या समजुतीने पॉइंट म्हणजे भिंतीवरचा एक बोर्ड. घरभर फिरून मोजले, १४ भरले. बिलात ५३ पॉइंट! दोन दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते, आणि त्याला चहा देताना कपही जरा आपटतच ठेवत होते. मग त्याने पेन्सिलने भिंतीवरच हिशोब मांडला. त्याच्या धंद्यात एक दिवा नि त्याचा स्विच मिळून एक पॉइंट, पंखा तसाच एक, त्याच बोर्डवरचा छोटा प्लग अर्धा, पॉवरचा स्वतंत्र. हिशोब चोख होता. काम सुरू व्हायच्या आधी मी एक प्रश्न विचारला असता तर चहाही नीट दिला असता.

पॅसेजच्या दिव्याचं दुखणं मात्र कायमचं राहिलं. मी म्हटलं होतं, “दोन्हीकडून लाइट लागला पाहिजे.” उत्तर आलं, “होऊन जाईल.” मुंबईत ज्याने घराचं काम काढलंय त्याला हे दोन शब्द ओळखीचे असतील, त्यात होकार असतो, ऐकल्याची पावती असते, कधी कधी नुसता दम घ्यायला घेतलेला वेळ असतो. आता पॅसेजच्या दोन टोकांना दोन दिवे आहेत आणि ज्याचा स्विच त्याच्याखाली. हॉलमधून लावलेला दिवा बेडरूमच्या दारातून बंद होत नाही. मला हवं होतं त्याला त्यांच्या भाषेत ‘टूवे’ म्हणतात. हा दोन अक्षरी शब्द उच्चारला असता तर त्यांनी दोन स्विचच्या मध्ये जादा वायरी ओढल्या असत्या. आता त्यासाठी भिंतीत पुन्हा झिरी मारायची, म्हणजे पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग, आणि दोन ते चार ठोकाठोक बंद हा सोसायटीचा नियम सांगायला पुन्हा खालच्या मजल्यावरचे काका.

अर्थिंगच्या बाबतीत उलट झालं, तिथे त्यांनी मला वाचवलं. मी सगळे तीन पिनचे सॉकेट घेतले होते आणि तिसरं भोक आलं म्हणजे अर्थिंग आलं अशा समाधानात होते. “खालून वायर नको का आणायला?” त्यांनी विचारलं. मला वाटलं, बिल वाढवतायत. मग त्यांनी जुन्यांतला एक तीन पिनचा सॉकेट उघडून दाखवला. आधीच्या कुणीतरी न्यूट्रललाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीलाच, आतल्या आत अर्थच्या पिनेला जोडलं होतं. चालतं सगळं छान, पण मागे कुठे न्यूट्रल सुटली तर करंट थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो. शेवटी मीटर केबिनमधून अर्थची हिरवी वायर वर आणली. झिणझिण्या त्या दिवसापासून बंद.

आता पावसाळा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त फोन याच्यावर झाले.

डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींच्या मुख्य पेटीत, आम्ही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे, शॉकपासून वाचवायला आपोआप पडणारा स्विच. दादांनी आधीच सांगितलं होतं, “पावसात त्रास देईल हां.” जून संपता संपता रात्री घर अंधारात. मी फोन लावला.

“दादा, शॉर्ट झालंय.”

“लाइट बिल्डिंगची गेलीय की घरचीच?”

“घरचीच. शॉर्टच झालंय काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी ते शॉर्ट शोधायच्या तयारीने आले. सगळे बोर्ड उघडले, एक एमसीबी (एकेका लाइनचा आपोआप पडणारा स्विच) संशयावरून बदलली, काही सापडलं नाही. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देऊ का?” मी नाही म्हटलं. घरात ओल्या हाताने स्विच लावणारी माणसं आहेत. त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो पहिल्या फोनवर झाला असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या: “ताई, नेमका दांडा कुठला पडतो? छोटा की मोठा?”

मोठा. नेहमी मोठाच.

मग उजेड पडला, दोघांच्याही डोक्यात. माझ्या तोंडी शॉर्ट म्हणजे लाइट जाणं. त्यांच्या लेखी शॉर्ट म्हणजे फेज, करंट आणणारी वायर, न्यूट्रलला भिडणं, आणि त्यात छोटा दांडा पडतो, म्हणजे एमसीबी. लोड जास्त झाला तरी तोच पडतो, जरा वेळाने. मोठा दांडा आरसीसीबीचा. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. थोडा जरी भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसातून भलतीकडे वळला की पडते. म्हणजे ती खराब नव्हती, चहाडी करत होती.

पुढचं काम फोनवरच झालं. सगळ्या एमसीबी खाली, मोठा दांडा वर, मग एकेक छोटा वर. डीबीवर त्यांनी मार्करने ‘एल १, एल २, पी १’ असं लिहून ठेवलंय, ते फक्त त्यांनाच कळतं, त्यामुळे मी टॉर्च तोंडात धरून “वरून तिसरा” असं सांगत होते. ‘एल ३’ वर करताच ठप्प. ड्राय बाल्कनीचा दिवा! बाहेरच्या भिंतीवरून पाणी वायरीच्या पाइपात उतरून बॉक्समधल्या जॉइंटवर ठिबकत होतं, आणि जॉइंटला नुसती टेप. ही चूक त्यांची, आणि त्यांनी ती कबूल केली. बॉक्स आतल्या भिंतीवर घेतला, भोक सिलिकॉनने बुजवलं, पैसे घेतले नाहीत. नंतर सप्टेंबरात धो धो पडला तेव्हाही मोठा दांडा जागचा हलला नाही. त्याच दिवशी मी डीबीवर चिठ्ठ्या चिकटवल्या: स्वयंपाकघर, हॉल, एसी, बाल्कनी.

एक गोष्ट आमच्याकडून चुकून चांगली झाली. प्लास्टरच्या आधी नवऱ्याने बहिणीला कामाची प्रगती दाखवायला प्रत्येक भिंतीचे फोटो काढले होते. वॉटर प्युरिफायर बसवायला आलेला मुलगा नेमका भिंतीतल्या वायरीच्या पाइपावर ड्रिल टेकवत होता, तेव्हा ते फोटो कामाला आले. फोटोत मोजायची टेप धरली असती तर इंचांचा अंदाज करावा लागला नसता.

त्याच वायरमनला पुन्हा बोलवेन का? बोलावलंच आहे, नणंदेच्या घरी, पुढच्या महिन्यात. फक्त या वेळी तिने प्रत्येक खोलीत कुठलं यंत्र कुठे बसणार ते कागदावर काढलंय, पलंगाची उशी कुठल्या बाजूला येणार तेही.

उशीचं सांगायचं राहिलंच. मी “पलंगाशेजारी स्विच” म्हटलं आणि दादांनी तेव्हा जसा पलंग होता तसा धरला. सुताराने नवा पलंग फिरवून टाकला. आता सासूबाईंच्या दिव्याचा स्विच नि प्लग त्यांच्या पायथ्याशी आहेत. नव्या रंगावरून पट्टी मारायला त्या तयार नाहीत. रात्री उठायचं तर उशाखाली चार्जिंगची बॅटरी ठेवतात. ती चार्ज करायला मात्र पायथ्याशीच लावावी लागते, आणि सकाळी ती उशाखाली परत ठेवायचं काम माझं.