मार्लिन ३३६: जुनी की नवी? एका हंगामाच्या वापरानंतर

लिव्हर अर्धी उघडली आणि तिथेच रुतली. पुढे जाईना, मागे येईना. जुनी मार्लिन ३३६, म्हणजे चापाखालची लिव्हर ओढून काडतूस भरायची अमेरिकी शिकारी रायफल, वापरणाऱ्याला हे दुखणं आज ना उद्या भेटतंच, आणि "एकदम टॉप कंडिशन" म्हणून गळ्यात मारणारा दुकानदार नेमकं हेच सांगत नाही. तिचं .३०-३० काडतूस काय चीज आहे किंवा बाजूने टरफल फेकणाऱ्या रायफलवर दुर्बीण का सोपी बसते, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच. इथे मुकाबला दोघींचा: १९७६ची, मार्लिनच्या नॉर्थ हेवन कारखान्यातली ३३६ आणि मार्लिनची आताची मालक कंपनी रुगर हिच्या कारखान्यातून आलेली आताची ३३६ क्लासिक. दोन्ही पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत, हरणाच्या हंगामात आलटूनपालटून वापरल्या.

आधी ते रुतणं. लोक घाणीला दोष देतात, पण मूळ लिव्हरच्या पुढच्या टोकाच्या धारदार कडेत आहे. ती कड दर वेळी कॅरिअरवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर, घासते आणि वर्षानुवर्षांत तिथे खाच पाडते. खाच पडली की कॅरिअर हवा त्या क्षणी हवा तितका वर नसतो. मॅगझिनच्या नळीतलं पुढचं काडतूस मग वेळेआधी निसटतं, त्याची कड कॅरिअरखाली शिरते आणि सगळं जाम. अशा वेळी जोर लावू नका. बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बोट चापापासून लांब, आणि भरायच्या खिडकीतून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून निसटलेलं काडतूस मॅगझिनमध्ये परत ढकला.

म्हणून विकत घेण्याआधी लिव्हरचा स्क्रू काढून दाखवा म्हणायचं. रायफल रिकामी आहे हे स्वतः डोळ्यांनी बघायचं, लिव्हर थोडी उघडायची, तो एक स्क्रू काढायचा, लिव्हर खाली ओढायची, बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, मागून बाहेर. इजेक्टर, म्हणजे टरफल बाहेर फेकणारा तुकडा, डाव्या भिंतीवरून सुटून पडतो, त्याखाली रुमाल धरा. परत बसवताना त्याची खुंटी भिंतीतल्या भोकात गेली पाहिजे. मग टॉर्च मारून कॅरिअर बघा. नुसती चमक असेल तर हरकत नाही. नखाला खाच लागली तर कॅरिअर बदलण्याचे पैसे किमतीतून कापून घ्या. दुकानदार स्क्रूला हात लावू देत नसेल तर नमस्कार करून निघा. लिव्हरची कड ४००च्या पॉलिश पेपरने गोल करता येते, पण फक्त धार मोडायची, उंची कमी करायची नाही. नाहीतर दुखण्यापेक्षा औषध महाग. स्क्रूड्रायव्हर बंदुकीसाठीचा, समांतर पात्याचा घ्या. घरातल्या उतरत्या पात्याने स्क्रूची खाच फाटते आणि पुढे विकताना भाव पडतो.

नव्या ३३६ची रचना तीच, त्यामुळे तिच्याही लिव्हरच्या कडेवरून बोट फिरवून बघा. हातातल्या नगात कड गुळगुळीत होती, लाकूड-लोखंडाचा सांधा घट्ट, आणि चाप जुन्यासारखा लुळा हलत नाही. शंभर यार्डांवर १५० ग्रेन वजनाच्या गोळ्या नवीतून एकमेकींपासून दीड-दोन इंचांत बसतात, जुनीतून अडीचमध्ये. झाडीत हरीण बहुतेकदा साठ-सत्तर यार्डांवर असतं, तिथे हा फरक कागदावरच राहतो.

पहिले काही आठवडे नवीचंच पारडं जड होतं. थंडी पडल्यावर मत फिरलं, आणि ते आडव्या सेफ्टीमुळे, म्हणजे रायफल बंद ठेवणाऱ्या आडव्या खुंटीमुळे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मार्लिनवर ही खुंटी आहे. ती लावलेली असताना घोडा ओढता येतो, चापही दाबता येतो. घोडा पडतो पण काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनपर्यंत पोहोचत नाही. 'टक्' एवढाच आवाज, आणि हरीण दुसऱ्या टेकडीवर. हातमोजे घालून खुंटी चाचपणं आणखी वाईट. लाल कडं दिसलं म्हणजे रायफल चालू, हे संधिप्रकाशात कोण बघत बसणार? जुनीला अशी खुंटी नाही, फक्त अर्धा घोडा, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा. नवशिक्याला मात्र ही खुंटी हवीच, वाद नको.

थंडीत जुनीनेही एकदा काडतुसावर हलका ठोका मारला. बोल्टमध्ये पिनच्या वाटेत वाळलेलं तेल गोंदासारखं झालं होतं. ते सॉल्व्हंटने धुऊन जवळपास कोरडं ठेवलं की काम झालं.

पैशांचं बोलू. नवी हजार डॉलरच्या वर. जुनी, नळीवर मार्लिनच्या स्वतःच्या काळातला जेएम शिक्का असलेली, सहाशे-सातशेत मिळते. मार्लिनचीच स्वस्त नावाने विकलेली ग्लेनफिल्ड ३०ए आणखी स्वस्त: आतलं यंत्र ३३६चंच, दस्ता अक्रोडाऐवजी बर्चचा. बर्च बघून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल तीनशे डॉलर जास्त द्यावेत. साधारण १९७३ ते १९९९ची रायफल असेल तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करा, साल मिळतं: २४ असेल तर १९७६. क्रमांक एमआरने सुरू होत असेल तर ती रुगरआधीची मालक कंपनी रेमिंग्टन हिच्या काळातली. त्यातल्या सुरुवातीच्या नगांपासून लांबच राहा. आरएम म्हणजे रुगर.

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी: अमेरिकी कायद्यात अशा व्हिसावर बंदूक घेण्याला मनाई आहे, पण राज्याचा वैध शिकार-परवाना असेल तर अपवाद मिळतो. आधी परवाना, मग दुकान.

जुनी घेतलीत तर इजेक्टर आणि लिव्हरचा स्क्रू हे दोन सुटे भाग त्याच दिवशी मागवून ठेवा. इजेक्टरची स्प्रिंग तुटते ती नेमकी हंगामात.